अपुरे सोडण्याची विद्या : बाळकृष्ण दोशी यांच्या घडणीविषयी

बाळकृष्ण विठ्ठलदास दोशी (1927–2023) यांच्या कामाविषयी आजवर झालेले लेखन बव्हंशी त्यांच्या इमारतींच्या आकाराभोवती फिरत आले आहे. अर्धगोल छपरे, जमिनीत उतरलेल्या खोल्या, उघड्या विटा आणि चिनी मातीच्या फुटक्या तुकड्यांनी मढवलेले पृष्ठभाग यांची छायाचित्रे इतक्या वेळा छापली गेली आहेत की ते आकार कोणत्या प्रक्रियेतून आले, हा प्रश्न मागे पडला. 2018 साली प्रिट्झकर पारितोषिक मिळाल्यावर, म्हणजे वास्तुकलेतील सर्वांत मानाचा समजला जाणारा सन्मान प्रथमच एका भारतीयाकडे आल्यावर, या छायाचित्रांची संख्या वाढली आणि प्रश्न आणखीच दूर गेला. प्रस्तुत पुस्तक त्या प्रश्नाकडे परत वळते. दुसऱ्यांच्या हाताखाली आणि दुसऱ्यांना सोबत घेऊन काम करताना दोशी जे शिकले ते त्यांच्या रचनेत कसे मुरले, आणि या शिकण्यात गोष्ट सांगण्याला एवढे स्थान का मिळाले, हा त्याचा विषय आहे.

येथे दोन संज्ञांचा अर्थ आधीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. ‘नेतृत्व’ हा शब्द व्यवस्थापनाच्या पुस्तकांनी इतका झिजवला आहे की तो वापरताना संकोच वाटावा. या पुस्तकात त्याचा अर्थ मर्यादित आणि व्यावहारिक आहे. आराखडा काढणाऱ्याच्या मनातील गोष्ट गवंड्याच्या हातापर्यंत, अभियंत्याच्या हिशेबापर्यंत, पैसे देणाऱ्याच्या निर्णयापर्यंत आणि शेवटी राहणाऱ्याच्या सवयीपर्यंत पोहोचवण्याचे जे काम वास्तुरचनाकाराला करावे लागते, तेच येथे नेतृत्व होय. ‘कथन’ या संज्ञेलाही येथे दोन पदर आहेत. इमारतीत शिरणाऱ्या माणसाला एकामागून एक काय दिसावे, कोठे थबकावे, कोठे अंधार आणि कोठे उजेड लागावा, या क्रमाची जुळणी हा पहिला पदर. आणि इमारत उभी राहण्याआधी किंवा नंतर तिच्याविषयी सांगितली जाणारी गोष्ट हा दुसरा. दोशींच्या बाबतीत हे दोन्ही पदर एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की अभ्यासकाला ते वेगळे करताना वारंवार अडखळावे लागते.

दोशींचा जन्म 26 ऑगस्ट 1927 रोजी पुण्यात, लाकडी सामानाचा व्यवसाय करणाऱ्या एका गुजराती एकत्र कुटुंबात झाला. जन्मघराचे वर्णन करताना ते ज्या गोष्टीवर भर देत ती अशी की ते घर वाढत होते. माणसे वाढली की खोली वाढे, मजला चढे, आणि पूर्ण झालेले असे ते कधीच नव्हते. पुण्याच्या जुन्या वाड्यांत किंवा पेठांतील घरांत वावरलेल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही, कारण माडीवर खोली चढवणे, ओसरी बंदिस्त करून घेणे, परसात न्हाणी काढणे हे तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. नवल याचे की अशा घरात वाढलेल्या मुलाला घर वाढू शकते हे पुन्हा नव्याने शिकायला आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे लागली, आणि ती वाट पॅरिसमधून गेली.

1947 साली त्यांनी मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयात वास्तुकलेच्या शिक्षणाला आरंभ केला. 1950 मध्ये ते लंडनला गेले आणि पुढच्याच वर्षी लंडनजवळील हॉड्सडन येथे भरलेल्या आधुनिक वास्तुकलेच्या आंतरराष्ट्रीय परिषदेला निरीक्षक म्हणून उपस्थित राहिले. तेथे वास्तुरचनाकार ले कॉर्बुझिए यांच्या कार्यालयातील मंडळींशी ओळख झाली, हस्ताक्षरातील अर्ज गेला, आणि पहिले आठ महिने वेतन मिळणार नाही या अटीवर पॅरिसच्या र्यू द सेव्हर येथील प्रसिद्ध कार्यालयाचे दार उघडले. फ्रेंच भाषा अवगत नसलेल्या या तरुणाचे प्रशिक्षण त्यामुळे बव्हंशी कागदावरच्या रेषांतून झाले: गुरू रेघ ओढी, शिष्य ती निरखी, आणि पुढची रेघ ओढण्याचा प्रयत्न करी. शब्दांवाचून शिकलेला माणूस पुढे एवढा बोलका कथेकरी व्हावा, यात एक गंमत आहे, पण बहुधा कारणही त्यातच आहे. जे डोळ्यांनी मिळाले होते त्याला शब्द देण्याची गरज त्यांना इतरांपेक्षा अधिक भासली असावी.

1954 मध्ये ते कॉर्बुझिए यांच्या अहमदाबादेतील कामांवर देखरेख करण्यासाठी परतले. गिरणीमालक संघाची इमारत, शोधन आणि साराभाई कुटुंबांची घरे आणि संस्कार केंद्र हे संग्रहालय ही ती कामे होत. या टप्प्याकडे चरित्रकार सहसा ‘गुरूचा विश्वासू प्रतिनिधी’ एवढ्याच नजरेने पाहतात. प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने मात्र तो निर्णायक आहे. नकाशे काढणारा हजारो मैलांवर, पत्राचे उत्तर यायला आठवडे, आणि साच्याच्या फळ्या मात्र आजच ठोकायच्या, अशा परिस्थितीत सत्ताविशीतल्या माणसाला रोज ठरवावे लागते की कागदातील कोणती गोष्ट अढळ आहे आणि कोणती बांधणाऱ्याच्या हातावर सोडता येते. फळ्यांच्या खुणा आणि सांध्यांतील ओबडधोबडपणा तसाच दिसू देणारे उघडे काँक्रीट हे कॉर्बुझिए यांनी स्वीकारलेले माध्यमच असे होते की त्यात कामगाराच्या हाताचा ठसा दोष न राहता रचनेचा भाग होई. दोशींनी ही सवलत आपल्या पुढच्या कामांत कितीतरी दूरवर नेली.

दुसरा धडा वेगळ्या प्रकारचा होता. 1962 मध्ये अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे काम दोशींकडे येऊ पाहत होते. वास्तुरचनाकाराच्या आयुष्यात अशी संधी क्वचित येते, आणि ती त्यांच्याकडे पस्तिशीतच आली होती. त्यांनी संस्थेचे प्रवर्तक विक्रम साराभाई आणि कस्तुरभाई लालभाई यांना अमेरिकेतील वास्तुरचनाकार लुई कान यांचे नाव सुचवले आणि स्वतः सहकारी म्हणून मागे उभे राहिले. या निर्णयाला उदारपणा म्हणणे सोपे आहे, परंतु त्यात शिकण्याची हावही होती, असे म्हणणे अधिक खरे ठरेल. पुढची बारा वर्षे कान अहमदाबादला येत राहिले, आणि विटांच्या भव्य कमानींना काँक्रीटच्या आडव्या पट्टीने बांधून धरण्याची त्यांची रीत जागेवर, गवंड्यांच्या संगतीत पाहण्याची संधी दोशींना मिळाली. मार्च 1974 मध्ये अहमदाबादहून परतताना न्यू यॉर्कच्या रेल्वे स्थानकात कान यांचा मृत्यू झाला, तेव्हा संस्थेचे उरलेले काम जे. जे.चेच विद्यार्थी आणि कान यांचे सहकारी अनंत राजे यांनी पुढे नेले. मराठी वाचकाने हे नाव लक्षात ठेवावे, कारण दोशींच्या कीर्तीच्या छायेत ते उगाच झाकले गेले आहे.

या दोन गुरूंविषयी दोशींनी पुढे जे पुस्तक लिहिले त्यात त्यांनी एकाला डोंबारी आणि दुसऱ्याला योगी म्हटले. दोरीवरून तोल सावरत चालणारा एक, आणि स्थिर बसून आत पाहणारा दुसरा. समीक्षेच्या दृष्टीने ही विभागणी फार सोपी आहे. कॉर्बुझिए यांच्यातही चिंतन होते आणि कान यांच्या कमानींतही तोलाचा खेळ आहेच. तथापि दोशी विचार कसा करीत याचा पुरावा म्हणून ती मोलाची आहे. सिद्धांत मांडण्याऐवजी त्यांनी पात्रे उभी केली, आणि पात्रे उभी राहिली की माणूस त्यांच्याशी बोलू शकतो, वाद घालू शकतो, त्यांच्यापासून वेगळाही होऊ शकतो.

कान यांचा सहवास सुरू झाला त्याच वर्षी, 1962 मध्ये, अहमदाबादेत वास्तुकलेचे विद्यालय सुरू झाले आणि दोशी त्याचे संस्थापक संचालक झाले. पुढे त्याला नगररचनेची शाखा जोडली गेली आणि त्यातूनच आज ‘सेप्ट’ या नावाने ओळखले जाणारे विद्यापीठ वाढले. विद्यालयाच्या इमारतीत वर्गांना दारे जवळजवळ नाहीत. विटांच्या समांतर भिंतींमधील उंच जागा एकमेकींत उघडतात, उत्तरेचा उजेड तिरका उतरतो, आणि एका वर्गातील चर्चा दुसऱ्या वर्गातील विद्यार्थ्याच्या कानावर पडल्यावाचून राहत नाही. अभ्यासक्रमाचे तत्त्व इमारतीतूनच सांगण्याचा हा प्रकार होता. नगररचना शाखेच्या उभारणीत सहभागी असलेले अमेरिकी वास्तुरचनाकार ख्रिस्तोफर बेनिंजर पुढे पुण्यात स्थायिक झाले, आणि 1976 मध्ये त्यांनी तेथे विकास-अभ्यासाचे स्वतंत्र केंद्र उभारले. अहमदाबादच्या त्या दारे नसलेल्या वर्गांतील काही विचार अशा रीतीने दोशींच्या जन्मगावी पोहोचले.

शिकवण्याचा रचनेवर काय परिणाम झाला, हे पाहण्यासाठी 1973 साली अहमदाबादेत उभ्या राहिलेल्या आयुर्विमा महामंडळाच्या वसाहतीकडे वळावे लागते. सामान्य सरकारी वसाहतीत एकाच मापाची घरे एकावर एक रचलेली असतात. येथे तळाशी मोठे घर, त्यावर लहान आणि सर्वांत वर आणखी लहान अशी उतरती रचना आहे, ज्यामुळे वरच्या प्रत्येकाच्या वाट्याला गच्ची येते. कुटुंब वाढेल, मुले थोरली होतील, गच्चीवर खोली चढेल, हे गृहीत धरून आखलेली ही वसाहत पुढे खरोखरच इतकी बदलली की मूळ आराखडा शोधावा लागावा. बहुतेक वास्तुरचनाकारांना आपल्या इमारतीला जोडलेला पत्र्याचा सज्जा पाहून दुःख होते. दोशींनी ही भर घालणारी माणसे आपली सहरचनाकार मानली. पुण्यातील वाढते घर येथे प्रथमच नकाशावर आले.

ही भूमिका सर्वाधिक कसाला लागली ती इंदूरच्या अरण्य वसाहतीत. इंदूर विकास प्राधिकरणासाठी 1983 पासून आखलेल्या, सुमारे 85 हेक्टरच्या या वसाहतीत साडेसहा हजारांच्या आसपास घरांची योजना होती आणि बहुसंख्य भूखंड आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी होते, ज्यांतील सर्वांत लहान जेमतेम 35 चौरस मीटरचे. आराखड्याआधी दोशींच्या वास्तुशिल्प प्रतिष्ठानने कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या अभ्यासकांसह इंदूरच्या झोपडवस्त्यांची बारकाईने पाहणी केली. तिच्या नोंदींत मोजमापाइतकेच महत्त्व वापराला होते: दारापुढचा हातभर ओटा दिवसातून किती कामांना येतो, निंबाच्या झाडाखाली सायकल दुरुस्तीचे दुकान कसे थाटले जाते, गल्लीचे वळण कोणत्या दारावर सावली आणते आणि तेथे कोण येऊन बसते. या नोंदी म्हणजे वस्तीतील माणसांच्या लहान लहान गोष्टीच होत्या. आराखड्यात त्या ओट्याच्या रुंदीत, गल्लीच्या वळणात आणि चौकाच्या जागेत उतरल्या.

अरण्यमधील गरीब कुटुंबाला मिळाले ते पुरे घर नव्हते. भूखंड, जोते, न्हाणी-शौचालयाचा गाभा आणि ऐपतीनुसार एखादी खोली एवढेच हाती येई. नगररचनेच्या परिभाषेत याला ‘जागा आणि सेवा’ पद्धती म्हणतात, म्हणजे पाणी, सांडपाणी आणि वीज यांची सोय करून उरलेले बांधकाम राहणाऱ्याने आपल्या गतीने करायचे. ही कल्पना दोशींची नव्हती. त्या दशकात ती जगभर राबवली जात होती आणि अनेक ठिकाणी ओसाड भूखंडांच्या रांगा एवढेच तिचे फलित उरले. दोशींनी त्यात घातलेली भर म्हणजे 80 नमुना घरे. जिना बाहेरून कसा घेता येतो, सज्जा कोठे काढावा, ओटा कसा वळवावा, याची ऐंशी उदाहरणे बांधून ठेवली होती, ती पाहायची आणि आपल्या घराचे आपण ठरवायचे. हुकूम आणि पूर्ण मोकळीक यांच्यामधली ही जागा आहे. व्याकरण दिले, वाक्ये सोडून दिली, असे तिचे वर्णन करता येईल. 1995 मध्ये या वसाहतीला आगा खान पारितोषिक मिळाले. नमुना घरांतही पुढे पुष्कळ फेरबदल झाले, आणि बाजारभाव वाढल्यावर भूखंड मूळ धारकांच्या हाती राहतातच असे नाही, हा अशा सर्व योजनांवरील आक्षेप येथेही विचारात घ्यावा लागतो. वाढत्या घराची कल्पना जमिनीच्या व्यवहारावर उपाय सांगत नाही.

त्याच काळात दोशी आपली चित्रे काढण्याची पद्धतही बदलत होते, आणि या बदलाकडे या पुस्तकाने विशेष लक्ष दिले आहे. वास्तुकलेच्या नेहमीच्या आरेखनात तीन चित्रे वेगवेगळी असतात: वरून पाहिलेला तलनकाशा, समोरून पाहिलेले दर्शनी चित्र आणि इमारत उभी कापल्यावर आत काय दिसेल ते दाखवणारा छेद. सामान्य माणसाला ही तिन्ही मनात जोडता येत नाहीत. म्हणून नकाशा समजणारा आणि न समजणारा अशी उतरंड तयार होते. दोशींनी भारतीय लघुचित्रांची रीत उचलली, ज्यात हौद वरून दिसतो, त्याच्या काठचे झाड बाजूने दिसते आणि महालाच्या आतली माणसे भिंत असूनही दिसतात. अरण्य आणि पुढे वर्णिलेले संगथ यांची त्यांनी काढवून घेतलेली अशी चित्रे रंगीत आहेत, त्यांत माणसे, पाणी आणि झाडे आहेत. ती बांधकामासाठी उपयोगी नाहीत, पण कोणासही त्यांवर बोट ठेवून ‘येथे काय?’ असे विचारता येते.

संगथ हे दोशींचे स्वतःचे कार्यालय 1980 च्या सुमारास अहमदाबादेत उभे राहिले. या गुजराती शब्दात सोबतीने चालण्याचा अर्थ आहे. त्याची वाट सविस्तर सांगण्याजोगी आहे. फाटकातून आत आल्यावर समोर दार दिसत नाही. पांढऱ्या अर्धगोल छपरांची रांग दिसते, जी जमिनीतून वर आल्यासारखी भासते कारण इमारतीचा मोठा भाग खाली आहे, आणि पायवाट सरळ न जाता छपरांच्या कडेने, पायऱ्यांच्या उतरणीजवळून, पाण्याच्या पन्हळींशेजारून वळत जाते. पाऊस पडला की छपरांवरून उतरलेले पाणी या पन्हळींतून खेळत कुंडात जमते. छपरावर जवळून पाहिले तर चिनी मातीच्या टाकाऊ फरशांचे तुकडे, एकाचे माप दुसऱ्याला नसलेले, गवंड्यांनी हाताने बसवलेले दिसतात. त्यांच्या खाली काँक्रीटच्या दोन पातळ थरांमध्ये मातीच्या पोकळ नळ्या घातलेल्या आहेत, ज्यांतील हवा उन्हाचा ताप अडवते. दार अखेर बाजूला सापडते. आत गेल्यावर काही पावले खाली उतरावे लागते, छत एकदम उंच होते आणि डोळे निवलेल्या उजेडाला सरावेपर्यंत माणूस आपोआप थांबतो. मोठ्या देवळाच्या प्राकारातून गाभाऱ्याकडे जाणाऱ्याला हा क्रम ओळखीचा वाटेल, मात्र येथे गाभाऱ्यात देव नसून आरेखनाची मेजे आहेत. बाहेरच्या पायऱ्यांवर व्याख्याने होत, विद्यार्थी बसत, आणि छपरे रचणारे कामगारही दुपारी तेथेच विसावत.

गोष्ट आणि रचना यांचे नाते सर्वाधिक उघड आणि म्हणूनच सर्वाधिक वादग्रस्त झाले ते 1990च्या दशकाच्या पूर्वार्धात बांधलेल्या अहमदाबादच्या गुफेत. चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांच्या चित्रांसाठीचे हे दालन जमिनीखाली आहे; वर फक्त घुमटासारखे फुगवटे आणि त्यांतून वर आलेली उजेडाची नळकांडी दिसतात. कूर्मावताराने स्वप्नात येऊन हा आकार सुचवला, असे दोशी सांगत. हे स्वप्न खरोखर पडले की नाही, हा प्रश्न येथे गैरलागू आहे. त्या गोष्टीने काय साधले, हा प्रश्न लागू आहे. आकार संगणकावर तपासला गेला होता, तरी तो प्रत्यक्षात आणणारे आदिवासी कामगार साधी अवजारे घेऊन तारेच्या जाळीवर सिमेंटचा हात फिरवत होते, आणि अशा वळणांचे माप कागदावरून वाचता येत नाही. कासवाची पाठ मात्र सर्वांना ठाऊक असते. गोष्टीने येथे नकाशाचे काम केले. हुसेन यांना चित्र टांगायला एकही सरळ भिंत मिळाली नाही, तेव्हा त्यांनी वळणदार भिंतींवरच रंगवले आणि धातूच्या आकृत्या कापून तिरप्या खांबांना टेकवून उभ्या केल्या. वरच्या नळकांड्यांतून पडलेले उजेडाचे गोल दिवसभर जमिनीवरून सरकत राहतात. या दालनात चित्रे नीट पाहता येत नाहीत, ही तक्रार रास्त आहे. ज्याच्यासाठी जागा बांधली त्याला तिने कोंडीत पकडावे आणि त्या कोंडीतून त्याने नवे काही काढावे, हे प्रत्येक वेळी जमत नाही.

दोशींच्या कथा इमारतींच्या आधीच्या होत्या की नंतरच्या, हा प्रश्न शिल्लक राहतो, आणि अभ्यासकाने त्याबाबत सावध असलेले बरे. उतारवयात, विशेषतः 2011 सालच्या आत्मकथनानंतर, त्यांनी जुन्या कामांची जी संगती लावली ती इतकी सुबक आहे की पॅरिसच्या कार्यालयापासून अरण्यपर्यंत सगळे एकाच दिशेने चालले होते असा भास होतो. पण प्रत्यक्षात साठच्या दशकातील काही इमारती कॉर्बुझिए यांच्या छायेतून बाहेर येण्याची धडपड करणाऱ्या आहेत, आणि अहमदाबादच्या भद्र भागातील प्रेमाभाई सभागृहासारखे काम भोवतालच्या जुन्या शहराशी बोलण्यापेक्षा त्याच्यावर उभे राहते. ही कामे वगळली तर दोशींची गोष्ट अधिक सुरेख होईल, मात्र ते काय शिकले हे कळणार नाही. काँक्रीटचा अवजड आवाज एकदा ऐकल्यावरच माणसाला ओट्याचा आवाज ऐकू येऊ लागतो. म्हणून पुढील प्रकरणांत या फसलेल्या कामांना गाजलेल्या कामांइतकीच पाने दिली आहेत, आणि प्रत्येक इमारतीपाशी तीच चौकशी केली आहे: येथे कोणता निर्णय दोशींनी स्वतःकडे ठेवला, कोणता सोडला, आणि तो कोणी घेतला. आयुर्विमा वसाहतीतील एका गच्चीवर चढवलेल्या खोलीचे मोजमाप आणि रेखाटन पहिल्याच प्रकरणात आहे; ती खोली बांधणाऱ्या गवंड्याने कोणताही नकाशा काढला नव्हता.